कानाच्या मशीनला मेडिक्लेम का मिळत नाही, आणि मग पैसे कुठून उभे करायचे

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वडील ७१ वर्षांचे, इचलकरंजीजवळच्या सूतगिरणीत रिंग फ्रेम खात्यात, म्हणजे सूत कातायच्या यंत्रांवर, ३१ वर्षं काढलेली, आता दोन्ही कानांनी कमी ऐकू येतं. एका दुकानात कान तपासून १,१०,००० रुपयांची मशीनची जोडी सांगितली. तुमची ५ लाखांची फ्लोटर पॉलिसी, म्हणजे सगळ्या घराला मिळून एक, आहे, त्यात वडीलही आहेत. पण कंपनीला फोन केला तर 'हे पेएबल नाही' एवढंच उत्तर मिळालं. एजंट म्हणतो, एक दिवस ॲडमिट दाखवू, काम होऊन जाईल. आणि तुम्ही विचारताय, कानाच्या मशीनचे पैसे देणारी एखादी पॉलिसी आहे का, असेल तर तीच घेतो.

मी ऑडिओलॉजिस्ट आहे, म्हणजे ऐकण्याची तपासणी करून मशीन बसवणारी. मिरजेत २१ वर्षं हेच काम करते. हा प्रश्न माझ्या टेबलासमोर आठवड्यातून एकदा तरी येतो. त्यामुळे उत्तर जरा सविस्तर लिहिते.

आधी सरळ उत्तर. आपल्याकडच्या नेहमीच्या मेडिक्लेममध्ये श्रवणयंत्राचे पैसे मिळत नाहीत. तुमच्या कंपनीने तुम्हाला फसवलेलं नाही. मेडिक्लेम हा मुळात दवाखान्यात भरती होण्याच्या खर्चाचा विमा आहे. साधारण २४ तास भरती, किंवा डे-केअरच्या यादीतलं ऑपरेशन, आणि त्याच्या आगेमागे ठरावीक दिवसांची औषधं आणि तपासण्या, एवढीच त्याची चौकट. कानाचं मशीन भरती होऊन बसवत नाहीत. खुर्चीत बसवून, कानाचं माप घेऊन, कॉम्प्युटरला जोडून लावतात. म्हणजे ते ओपीडीत गेलं. शिवाय बहुतेक पॉलिसींत चष्मा, कॉन्टॅक्ट लेन्स आणि श्रवणयंत्र ही तिन्ही नावं एकाच ओळीत वगळलेली असतात. जिथे नाव नसतं तिथे 'शरीराबाहेर वापरायची टिकाऊ वैद्यकीय उपकरणं' असं मोघम वाक्य असतं आणि मशीन त्यात बसतं. २०२० साली सगळ्या कंपन्यांनी एकसारखी आणलेली आरोग्य संजीवनी पॉलिसी काढून बघा. तिच्यातही ओपीडीचा खर्च स्पष्टपणे वगळलेला आहे.

पण तुमचा खरा प्रश्न पॉलिसीचा नाही असं मला वाटतं. वडिलांना ऐकू यायला हवं आणि खर्च झेपायला हवा, हा तुमचा प्रश्न आहे. त्याचं उत्तर सुरू होतं ते ऐकू येण्याचं नुकसान कुठल्या जातीचं आहे इथून. विमा मशीनला पैसे देत नाही, पण ऑपरेशनला देतो. आणि काही कानांना मशीन लागतच नाही, ऑपरेशन लागतं. हा फरक तपासल्याशिवाय १,१०,००० रुपये मोजू नका.

माझ्याकडे पाच-सहा वर्षांपूर्वी एक बाई आल्या होत्या. वय ३८, बालवाडीत शिकवायच्या. त्यांना दुसरीकडे एका कानाला ४५ हजारांचं मशीन सांगितलं होतं, आगाऊ पैसेही भरून झाले होते. त्यांनी आणलेला ऑडिओग्राम, म्हणजे ऐकण्याच्या तपासणीचा आलेख, बघितला तर त्यावर फक्त हवेतून ऐकण्याची रेघ होती. हाडातून ऐकण्याची चाचणी केलेलीच नव्हती. म्हणजे कानावर हेडफोन लावून तपासलं, पण कानामागच्या हाडावर ते छोटं कंपन देणारं यंत्र ठेवून तपासलंच नाही. मी ती चाचणी केली. हाडातून जवळजवळ नॉर्मल ऐकू येत होतं, हवेतून मात्र आवाज ५० डेसिबलपर्यंत वाढवावा लागत होता. दोन रेघांमध्ये एवढी फट म्हणजे आतली नस चांगली आहे, आवाज आत पोचवणाऱ्या साखळीत कुठेतरी अडथळा आहे. कानाच्या डॉक्टरांनी ओटोस्क्लेरोसिसचं निदान केलं. यात कानातलं सगळ्यात लहान हाड, स्टेपिस, जखडून जातं. त्यांचं स्टेपिडॉटमीचं ऑपरेशन झालं, त्यात बारीक पिस्टन बसवतात. तो खर्च त्यांच्या मेडिक्लेममधून कॅशलेस झाला, पिस्टनसकट, कारण तो ऑपरेशनमध्ये शरीराच्या आत बसवला होता. बाईंना मशीन लागलं नाही.

म्हणजे कान तोच, तक्रारही तीच, ऐकू येत नाही. पण एका वाटेवर विमा पूर्ण खर्च उचलतो आणि दुसरीवर एक रुपया देत नाही. पडदा फाटलेला असेल तर टिम्पॅनोप्लास्टी, हाड सडलं असेल तर मॅस्टॉइडचं ऑपरेशन, ही सगळी विम्यात बसतात. एक अट मात्र लक्षात ठेवा. कान-नाक-घशाच्या साध्या आजारांना आणि या ऑपरेशनना बहुतेक पॉलिसींत पहिली दोन वर्षं थांबावं लागतं. तुमची पॉलिसी त्याहून जुनी असेल तर प्रश्न नाही.

तुमच्या वडिलांच्या बाबतीत मला वाटतं ते नसेचंच असेल, म्हणजे आतल्या कानाचं. रिंग फ्रेम खात्यात ३१ वर्षं म्हटल्यावर तो अंदाज बांधायला फार हुशारी लागत नाही. त्यांच्या काळच्या कारखाना नियमांत आठ तासांसाठी ९० डेसिबलची मर्यादा होती, आणि गिरणीतल्या कितीतरी खात्यांत ती रोज ओलांडली जायची. अशा माणसाचा ऑडिओग्राम पाहिला की ४००० हर्ट्झच्या आसपास रेघ खड्ड्यात गेलेली दिसते. मग वय वाढतं तशी त्या खड्ड्याच्या दोन्ही बाजूंची जमीनही खचत जाते. घरात त्याचं रूप असं दिसतं: वडिलांना तुम्ही बोलताय हे कळतं, काय बोललात ते कळत नाही. 'सात' आणि 'हात' त्यांना एकच वाटतं. नातवंडांचं बोलणं सुनेच्या बोलण्यापेक्षा अवघड जातं. टीव्ही मोठा करूनही बातमी समजत नाही. हे वर्णन जुळत असेल तर ऑपरेशनाने काही होणार नाही, मशीनच लागेल. तरीही हाडाची चाचणी झालेली असायलाच हवी. ७१ व्या वर्षी नसेच्या जोडीला पडद्याचा त्रासही असू शकतो, आणि कधी तर नुसता मळच घट्ट बसलेला असतो.

एक तातडीची गोष्ट इथेच सांगते, कारण हा प्रश्न वाचणाऱ्यांपैकी कुणाच्या तरी कामाला येईल. एखाद्याला एका कानाने अचानक, म्हणजे सकाळी उठल्यावर किंवा दोन-तीन दिवसांत, ऐकू येणं कमी झालं तर थांबू नका, त्याच दिवशी कानाच्या डॉक्टरांकडे जा. त्यावर स्टेरॉइडचे उपचार असतात आणि ते सुरुवातीच्या दिवसांतच गुणकारी ठरतात. भरती करून उपचार झाले तर तो खर्च मेडिक्लेममध्येही बसू शकतो. माझ्याकडे असे लोक तीन-तीन आठवड्यांनी येतात, मळ असेल म्हणून कानात तेल घालत बसलेले. तेव्हा माझ्या हातात मशीनशिवाय काही उरलेलं नसतं. त्या माणसांचे चेहरे मला आठवतात.

आता एजंटाच्या सल्ल्याकडे येते. एक दिवस ॲडमिट दाखवू, हे करू नका. यावर मी ठाम आहे. पहिलं म्हणजे त्यातून पैसे मिळतच नाहीत. नुसत्या तपासणीसाठी झालेली भरती प्रत्येक पॉलिसीत वगळलेली असते, त्याला एक्सक्लूजन कोड ०४ म्हणतात. भरती खरी दाखवली तरी बिलातली मशीनची ओळ टीपीए, म्हणजे विमा कंपनीच्या वतीने क्लेम तपासणारा, काढून टाकतो. दुसरं म्हणजे खोटा आजार लिहून घेतला तर ती फसवणूक आहे, आणि कंपनी पॉलिसीच रद्द करू शकते. ७१ वर्षांच्या माणसाला नवीन पॉलिसी मिळवायची म्हणजे काय, ते तुम्हाला माहीत आहे. उद्या वडिलांना हृदयाचा त्रास झाला तर तेव्हा जी पॉलिसी खरोखर लागणार, ती आज कानाच्या मशीनसाठी पणाला लावायची का?

मशीनचे पैसे देणाऱ्या पॉलिसी अजिबातच नाहीत असं नाही, तेही सांगते. काही कंपन्या ओपीडीचं वेगळं कव्हर देतात, आणि त्यातल्या थोड्या पॉलिसींत श्रवणयंत्राचं नाव आतल्या यादीत असतं. पण ते घेताना हिशेब मांडा. समजा ओपीडीची मर्यादा वर्षाला १५ हजार आहे आणि त्यासाठी जादा हप्ता ७-८ हजार पडतो. मशीन तुम्ही चार-पाच वर्षांतून एकदा घेणार. शिवाय आधीपासून असलेल्या आजाराला प्रतीक्षा कालावधी लागतो. एप्रिल २०२४ पासून तो जास्तीत जास्त ३६ महिने आहे, आधी ४८ होता. वडिलांचं कमी ऐकू येणं आता कागदावर आलेलं आहे, ते प्रपोजल फॉर्ममध्ये लपवायचं नाही. म्हणजे तीन वर्षं हप्ता भरायचा आणि मग एका मशीनचे अर्धेमुर्धे पैसे मिळवायचे. माझ्या मते यासाठी नवीन पॉलिसी घेण्यात अर्थ नाही. आहे तीच नीट चालू ठेवा.

पण तुम्ही नोकरी करत असाल तर ऑफिसच्या ग्रुप पॉलिसीची कागदपत्रं मागवून बघा. ग्रुप पॉलिसीच्या अटी कंपनी विमावाल्यांशी बोलून ठरवते, त्यामुळे त्यात किरकोळ पॉलिसीत नसलेल्या गोष्टी असतात. एचआरला तोंडी विचारू नका, तोंडी विचारलं की 'नाही' हेच उत्तर येतं. मेल करा आणि नेमके तीन प्रश्न विचारा: आई-वडील कव्हरमध्ये आहेत का, ओपीडी आहे का, आणि त्यात श्रवणयंत्र वगळलेलं आहे की घेतलेलं आहे. माझ्या एका पेशंटच्या मुलीने असं विचारलं आणि तिच्या कंपनीच्या योजनेत वर्षाला ठरावीक रक्कम श्रवणयंत्रासाठी निघाली. चार वर्षं ती तिथे होती आणि तिला पत्ता नव्हता.

तुमच्या स्वतःच्या पॉलिसीसाठीही असंच करा. प्रत्येक पॉलिसीसोबत ग्राहक माहिती पत्रक मिळतं, दोन-चार पानांचं. त्यात काय कव्हर आहे, काय नाही, किती प्रतीक्षा आहे आणि तक्रार कुठे करायची हे सोप्या भाषेत असतं. तुमच्याकडे नसेल तर मागा, मराठीतही मागू शकता. फोनवरच्या माणसाचा शब्द धरू नका, छापलेली ओळ वाचा. ओळ तुमच्या बाजूची असूनही क्लेम नाकारला तर आधी कंपनीच्या तक्रार कक्षाकडे लेखी जा, मग विमा लोकपालाकडे. पुण्यात आणि मुंबईत लोकपालांची कार्यालयं आहेत, फी लागत नाही, वकील लागत नाही. कंपनीच्या अंतिम नकारापासून वर्षाच्या आत अर्ज करायचा. पण श्रवणयंत्र स्पष्ट शब्दांत वगळलेलं असेल तर लोकपालही काही करू शकत नाहीत, तिथे वेळ घालवू नका.

लोकपालाची वाट खरी लागते ती कॉक्लियर इम्प्लांटमध्ये. त्याबद्दल थोडं लिहिते, कारण श्रवणयंत्र आणि इम्प्लांट यांत लोक गोंधळ करतात. इम्प्लांटचा एक भाग ऑपरेशन करून कवटीच्या हाडात आणि आतल्या कानात बसवतात. दुसरा भाग, प्रोसेसर, बाहेर कानावर असतो. आतला भाग ऑपरेशनमधलं इम्प्लांट आहे, म्हणून काही कंपन्या देतात. काही पॉलिसींत कॉक्लियर इम्प्लांट नाव घेऊन वगळलेलं असतं. आणि काही ठिकाणी आतला भाग मंजूर होतो, बाहेरचा नाकारला जातो, 'बाहेरचं उपकरण' म्हणून. एका तीन वर्षांच्या मुलीच्या क्लेममध्ये मी हे डोळ्यांनी पाहिलं. ऑपरेशन मंजूर, प्रोसेसर नामंजूर. प्रोसेसरशिवाय आतला भाग म्हणजे वीज नसलेला दिवा. आम्ही चार पानी पत्र दिलं की हे एकच उपकरण आहे, एका भागाशिवाय दुसरा निरुपयोगी आहे. त्या पत्रावर सात महिने गेले. सात महिने तीन वर्षांच्या मुलीच्या भाषेसाठी किती मोठे असतात ते या क्षेत्रातल्या माणसालाच कळेल. म्हणून इम्प्लांट ठरत असेल तर मंजुरी मागतानाच दोन्ही भागांचा उल्लेख एकत्र करा आणि उत्तर लेखी घ्या. लहान मुलांसाठी सरकारी मदतही आहे. दिव्यांगांना साधनं देणाऱ्या केंद्राच्या एडिप योजनेतून इम्प्लांट होतात आणि राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मजात बहिरेपणा आहे. त्यांनी आधी जिल्हा रुग्णालयात जावं.

आता तुमच्या वडिलांसाठी विमा सोडून बाकीच्या वाटा बघू. इथे बरंच काही तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहे, आणि तुम्ही उत्पन्न लिहिलेलं नाही, त्यामुळे मी सगळं सांगते, तुम्ही लागू पडेल ते घ्या.

सगळ्यात आधी ईएसआय, म्हणजे कामगार राज्य विमा. ३१ वर्षं सूतगिरणीत म्हणजे वडिलांचा ईएसआयचा विमा क्रमांक बहुतेक असणार, जुनं कार्ड शोधा. किमान पाच वर्षं विमाधारक राहून वयोमानाने निवृत्त झालेल्या कामगाराला वर्षाला फक्त १२० रुपये भरून स्वतःला आणि पत्नीला ईएसआयची वैद्यकीय सेवा चालू ठेवता येते. ही गोष्ट इचलकरंजी-सांगलीकडच्या निम्म्या निवृत्त कामगारांना माहीत नसते. ईएसआयमध्ये कृत्रिम साधनं देण्याची तरतूद आहे आणि त्यात श्रवणयंत्र येतं. तिथल्या कान-नाक-घसा तज्ज्ञाची शिफारस लागते. निवृत्त कामगाराच्या प्रकरणात कागद कुठून कुठे जातात हे शाखा कार्यालयात जाऊन विचारा. निवृत्तीचा दाखला आणि जुनं कार्ड सोबत न्या.

त्याच ओघात एक सांगते. आवाजामुळे आलेला बहिरेपणा हा कायद्याने मान्य केलेला व्यावसायिक आजार आहे. निवृत्त होऊन इतकी वर्षं उलटल्यावर वडिलांसाठी ते सिद्ध करणं फार अवघड जाईल, खोटी आशा देत नाही. पण तुमच्या ओळखीत आज गिरणीत काम करणारं कुणी असेल आणि त्याला कानात शिट्टी वाजत असेल, तर त्याला आत्ताच ऑडिओग्राम काढून ठेवायला सांगा. तो कागद पुढे सोन्याच्या मोलाचा ठरतो.

घरातलं कुणी केंद्र सरकारच्या नोकरीत असेल आणि वडील त्यांच्यावर अवलंबून असतील तर सीजीएचएस या केंद्र सरकारच्या आरोग्य योजनेत श्रवणयंत्राचे पैसे परत मिळतात, प्रत्येक प्रकाराला ठरलेल्या मर्यादेपर्यंत. माजी सैनिकांना त्यांच्या ईसीएचएस या आरोग्य योजनेत तसंच. तिथे आधी परवानगी आणि मग खरेदी हा क्रम मोडू नका. मशीन आधी घेऊन नंतर फाइल लावणाऱ्यांचे हेलपाटे मी पाहिलेत.

मग येतात सरकारी योजना. एडिप ही १९८१ पासूनची केंद्राची योजना. त्यात ४० टक्के दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र लागतं आणि उत्पन्नाची अट असते. इथे बहुतेक म्हाताऱ्या माणसांची अडचण होते, ती समजून घ्या. दिव्यांग कायदा २०१६ मध्ये दोन्ही कानांत ६० ते ७० डेसिबलचं नुकसान असलेल्याला ऐकण्यास कमी आणि ७० च्या पुढे बहिरा म्हणतात. वयाने येणारं नुकसान बऱ्याचदा ४५ ते ५५ मध्ये असतं. म्हणजे माणूस घरात कुणाशी धड बोलू शकत नाही, पण कागदावर दिव्यांग ठरत नाही. या मधल्या पट्टीत अडकलेल्यांची संख्या मला सगळ्यात जास्त दिसते, आणि या लोकांसाठी व्यवस्थेने काही करायला हवं असं मला मनापासून वाटतं. वडिलांचं नुकसान ६० च्या वर असेल तर मात्र यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, काढाच. त्यावर एडिप तर आहेच, शिवाय ग्रामपंचायत, नगरपालिका आणि जिल्हा परिषद यांना स्वतःच्या उत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी ठेवावा लागतो. त्यातून श्रवणयंत्रासाठी मदत मागता येते. अर्ज आर्थिक वर्षाच्या सुरुवातीला करा, मार्चमध्ये गेलात तर निधी संपलेला असतो.

नुकसान ६० च्या खाली असेल तर वयोश्री. राष्ट्रीय वयोश्री योजना २०१७ पासून आहे, वय ६० च्या पुढे, दारिद्र्यरेषेखालील किंवा महिना १५ हजारांपर्यंत उत्पन्न असलेल्यांसाठी. शिबिरात तपासून यंत्र देतात. दिव्यांग प्रमाणपत्राचा आग्रह तिथे नाही, वयामुळे आलेली कमजोरी चालते. महाराष्ट्राची मुख्यमंत्री वयोश्री योजना २०२४ ची, वय ६५ च्या पुढे आणि कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २ लाखांच्या आत असेल तर साधनांसाठी एकदाच ३,००० रुपये खात्यात येतात. ३,००० मध्ये चांगलं मशीन येत नाही हे खरं, पण इअर मोल्ड, म्हणजे कानाच्या मापाचा साचा, आणि वर्षाच्या बॅटऱ्या यांना हातभार लागतो. शिबिरातल्या मशीनबद्दल लोक नाक मुरडतात. मी म्हणते, घ्या आणि जवळच्या ऑडिओलॉजिस्टकडून वडिलांच्या ऑडिओग्रामप्रमाणे सेट करून घ्या. न वापरता कपाटात पडलेली अशी कितीतरी मशीनं मी सेट करून दिलीत आणि ती आज कानावर आहेत.

करात थोडी सवलत मिळू शकते, तुम्ही जुन्या करप्रणालीत असाल तर. ४० टक्के प्रमाणपत्र असलेले वडील तुमच्यावर अवलंबून असतील तर ज्याला आपण ८०डीडी म्हणत आलो त्यात ७५ हजारांची वजावट आहे, ८० टक्क्यांच्या पुढे सव्वा लाख. ज्या ज्येष्ठांचा आरोग्य विमाच नाही त्यांच्या वैद्यकीय खर्चाला ५० हजारांपर्यंत वजावट मिळते. पण तुमचे वडील पॉलिसीत आहेत, म्हणून ती तुम्हाला लागू होत नाही. हे बरेच जण चुकवतात.

आता १,१०,००० या आकड्याबद्दल. तो दर मला या कामासाठी जास्त वाटतो. ७१ वर्षांचा माणूस घरात, देवळात, कट्ट्यावर बोलणार. फोनला ब्लूटूथने जोडायचं, हॉटेलच्या गोंगाटातला आवाज वेगळा काढायचा, याचे पैसे त्या किमतीत धरलेले असतात. माझ्याकडे अशा पेशंटना कानामागचं साधं, चांगल्या कंपनीचं डिजिटल मशीन एका कानाला १८ ते ३० हजारांत बसतं आणि बहुतेकांचं भागतं. दोन्ही कान सारखेच गेले असतील तर एक महागडं घेण्यापेक्षा मधल्या किमतीची दोन घ्या, आवाज कुठून येतो ते कळायला दोन कान लागतात. आणि ठरवण्याआधी आठ दिवस ट्रायल मागा. ट्रायल न देणाऱ्याकडून घेऊ नका. मशीनवर जीएसटी शून्य आहे, बिलात तो लावलेला दिसला तर विचारा.

किमतीपेक्षा फिटिंगला मी जास्त महत्त्व देते. गेल्याच महिन्यात एक आजोबा आले, दोन्ही कानांत ६० हजारांची मशीनं, आणि ती ते खिशात ठेवून फिरायचे. विचारलं तर म्हणाले, "ताई, भांडं पडलं की डोक्यात हातोडा बसतो." मशीन कॉम्प्युटरला जोडलं तर दुकानातून आलं तसंच होतं, त्यांचा ऑडिओग्राम त्यात भरलाच नव्हता. कानात बारीक नळी घालून पडद्याजवळ आवाज किती पोचतो ते मोजलं, मोठ्या आवाजांची मर्यादा खाली आणली, बोलण्याचा भाग वर घेतला. पाऊण तास लागला. मग त्यांची बायको दारातून नेहमीच्या आवाजात म्हणाली, "चला, गाडी चुकेल," आणि आजोबा उठून उभे राहिले. तिला दोनदा सांगावं लागलं नाही म्हणून ती तिथेच रडायला लागली.

म्हणून मशीन घेताना भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी असलेल्या ऑडिओलॉजिस्टकडूनच घ्या, आणि पहिल्या दोन-तीन महिन्यांतल्या तीन-चार फेऱ्या किमतीत धरल्यात का ते आधी विचारा. बॅटरीचा हिशेबही त्याच दिवशी करा. ३१२ नंबरची बॅटरी दिवसभर वापरली तर साधारण आठवडाभर जाते. दोन कानांना वर्षाला शंभरेक लागतात, म्हणजे सहाच्या १७-१८ पट्ट्या. पावसाळ्यात रात्री मशीन सिलिका जेलच्या डबीत ठेवायचं, नाहीतर आपल्याकडच्या दमट हवेत आत पाणी धरतं आणि दुरुस्तीचा खर्च येतो.

बिलाबद्दल एक सूचना, कुठूनही पैसे परत मागणार असाल तर. बिलावर 'मशीन १ जोडी' एवढंच लिहून घेऊ नका. प्रत्येक मशीनचं मॉडेल आणि अनुक्रमांक, उजवा-डावा कान, पेशंटचं नाव, तपासणाऱ्याचा नोंदणी क्रमांक, आणि सोबत कानाच्या डॉक्टरांची चिठ्ठी, तीही मशीनच्या खरेदीच्या आधीच्या तारखेची. फाइल परत येते ती बहुतेक वेळा या तारखेवरून.

तुम्ही पुढच्या आठवड्यात एवढंच करा: कानाच्या डॉक्टरांकडून मळ आणि पडदा बघून घ्या, मग हवा आणि हाड दोन्हींचा ऑडिओग्राम आणि शब्द ओळखण्याची चाचणी काढा. ते आकडे, वडिलांचं ईएसआय कार्ड सापडलं की नाही ते, आणि घरचं उत्पन्न साधारण किती हे इथे लिहा. मग कुठली वाट धरायची ते मी नेमकं सांगू शकेन. दुकानाला अजून आगाऊ पैसे दिले नसतील तर देऊ नका.